विस्तवावरची खाट

मी मातीची खाट बोलते आहे. झारिया शहराच्या वाटेवरच्या एका घरातली, पोटात विस्तव बाळगणारी. बाळंतिणीला थंडी शिवू नये म्हणून आमच्याकडे मला बांधतात. माझ्या पाठीवर चटई, चटईवर बाळंतीण आणि खाली निखारे.

घरधनीण डेलूने मला लिंपले ते आपल्या लेकीच्या, हिंदातूच्या, पहिल्या बाळंतपणासाठी. सकाळ-संध्याकाळ कढत पाण्याचे न्हाण आणि मग तळ्याकाठचा मिठासारखा खार घातलेली बाजरीची पेज. खाराने दूध उतरते, अशी इथली श्रद्धा. हिंदातूचे पाय सुजले तेव्हा शेजारीण तबावा हरखून ओरडली, "अगं, हिच्या घोट्याचं हाड शोधून दाखवा कुणी! माहेरची पेज अंगी लागली गं बाई!"

जिथे अन्नाची ददात असते, तिथे फुगलेली कातडी सुबत्तेची खूण ठरते. मला मात्र रूपाची पारख नाही. केवळ भार कळतो. हिंदातूचा भार आधी माझ्या पाठभर पसरलेला होता. पुढे तिला आडवे होता येईना, श्वास कोंडे. ती भिंतीला टेकून बसून राही आणि सारा भार एका जागी उतरे. तिथेच, बाळ मांडीवर असताना, ती एका दुपारी निमाली.

भार मात्र उठला नाही. पुढे वर्षानुवर्षे मी रिकामी होते, तरी भिंतीकडची ती जागा कोणी बसल्यासारखी दबलेली राही. डेलू तिथे माती लिंपी. माती वाळली की खळगा पुन्हा उमटे.

हिंदातूच्या त्या बाळाला, रकियाला, डेलूनेच वाढवले. यंदा रकिया बाळंत झाली आणि माझ्या पोटात पुन्हा विस्तव आला.

"आजी, पाय दगडासारखे झालेत."

"चालायचंच. आधी पेज संपव."

"ही पेज आहे की खाराचं तळं?"

दात पडलेली तबावा खिदळली. "आईवर गेली हो पोर! तेच गुबगुबीत पाय!"

डेलूचा हात थबकला. "रकिया, झोप लागते ना गं?"

"बसून लागते. आडवी झाले की बुडाल्यासारखं होतं."

"कुठे बसतेस?"

रकियाने भिंतीकडे बोट दाखवले. "इथेच. खळगा आयताच आहे ना."

डेलूने तिच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. कातडीतला खळगा भरून येईना. तिने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग न्हाणाचे पातेले उचलून तिने सारे पाणी माझ्या विस्तवावर ओतले.

"तबावा, मोटारसायकलवाल्याला हाक मार. हिला दवाखान्यात न्यायचंय."

"न्हाण अर्धवट टाकून? लोक काय म्हणतील?"

"हिंदातूच्या वेळीही लोक बोलत होते. छान छान बोलत होते."

रकिया बऱ्याच दिवसांनी परतली. हृदय थकले होते, असे तिकडे सांगितले म्हणे. आता खार बंद, शेक बंद, औषध चालू. पाय उशीवर उंच ठेवायचे, सांगितले तेवढेच चालायचे. तिच्या घोट्यांची हाडे पुन्हा दिसू लागली आहेत. डेलू ती रोज चाचपून पाहते.

मी आता थंड आहे. पोटात भिजून घट्ट झालेली राख, पाठीला उभी भेग. रकिया म्हणते, "आजी, मोडून टाकू ही खाट." डेलू दुपारी येऊन बसते. खळग्याशेजारी, थोडी जागा सोडून.

मोडायचे तर मोडा, ठेवायचे तर ठेवा. माझी विनवणी एकच आहे: माझ्या पोटात पुन्हा विस्तव घालू नका. ऊब लागली की भिंतीकडचा भार श्वासासाठी धडपडू लागतो.