सौनातलं हिरवं पाणी

"वेइक्को, भट्टी बघ ही! गंजून लाल झालीय!" हेल्मीने सौनाच्या, म्हणजे भट्टीने तापवायच्या वाफेच्या न्हाणीच्या, दारातच नाक धरलं. "आमच्या बापाच्या हातची भट्टी, आणि तू इथे ॲसिड पाळतोयस!"

"दार लाव. थंडी आत येतेय."

मेहुणीशी भांडायला वेइक्कोला सवड नव्हती. बाकावरच्या बरणीतलं पाणी अजून तपकिरीच होतं. ते हिरवंगार झालं तरच घंटेच्या सर्किटच्या पत्र्यावरचं नको असलेलं तांबं खाणार होतं. पोहण्याच्या तलावात घालतात ते ॲसिड आणि जखमा धुवायचं पेरॉक्साइड मिसळून त्याने ते कधीकाळी घरीच केलं होतं. तांबं खाऊन ते काळवंडतं. थोडं ॲसिड पाजलं, हवा दिली, की पुन्हा तरतरीत होतं. म्हणून ते फेकायचं नसतं, सांभाळायचं असतं. माशांच्या टाकीचा पंप त्यात बुडबुडे सोडत होता. गारठ्यात ते आळसावतं, म्हणून त्याचा मुक्काम सौनात. कॅनडातल्या थंडर बेमधल्या फिनिश माणसाने स्वतःच्या सौनाची भट्टी गंजू द्यावी म्हणजे कहरच होता. पण बायको, इर्या, आजारी पडल्यापासून त्या भट्टीत विस्तव पडायचा तो या बरणीपुरताच.

"नर्स म्हणाली ना, तयार घंटा येईल म्हणून?" हेल्मीने विचारलं.

"मग नर्सला म्हणावं, इर्याच्या बोटांनाही तोवर थांबायला सांग."

हेल्मी दार लावून गेली.

वेइक्कोने जन्मभर धान्याच्या कोठारांत विजेची कामं केली होती. बायकोचे स्नायू एकेक करून निकामी होऊ लागले, तेव्हा त्याला करण्यासारखी एकच गोष्ट दिसली: घंटा. लाळ घशात अडकली तर इर्याला हाक मारता येत नव्हती. पहिली घंटा बटणाची केली, ती होईतो अंगठ्यातला जोर गेला. मग हलक्या बटणाची केली, ती बसवली आणि बोट दमलं. तो ज्या हातासाठी काम सुरू करी, तो हात काम संपेपर्यंत उरलेलाच नसे. या वेळी बटणच नव्हतं. तांब्याच्या बारीक रेघा, त्यांवर बोट नुसतं टेकलं की घंटा वाजणार.

ॲसिड मात्र संपत आलं होतं. दुकानातला पोरगा हसला होता, "फेब्रुवारीत पोहायला निघालात की काय काका? ते मे महिन्यात येतं." मे महिना! त्या पोराची गचांडी धरावी असं वेइक्कोला वाटलं होतं. बिचाऱ्याचा काय दोष? वेइक्कोने डब्याच्या तळाशी राहिलेलं ॲसिड जपून बरणीत ओतलं आणि तो बसून राहिला.

दुपारपर्यंत पाणी हिरवं झालं. पत्रा आत बुडवून तो हलवत राहिला, आणि रेघा अगदी स्वच्छ उमटल्या. क्षणभर त्याला इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी त्याने रेघा उमटलेली ती पट्टी इर्याच्या हाताखाली बसवली.

"वास... मारतोस," ती म्हणाली. तिचं बोलणं आता त्याला आणि हेल्मीलाच कळायचं.

"मारू दे. बोट जरा पुढे सरकव. दाबायचं नाही, नुसतं टेकायचं."

इर्याने डोळे मिटून घेतले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बोट चादरीवरून घसरत घसरत पट्टीवर आलं आणि स्वयंपाकघरात घंटा खणखणली.

"वाजली!" वेइक्को ओरडला. इर्याही हसली.

घंटा वाजतच राहिली.

"आले, आले!" पावाचं पीठ मळता मळता हेल्मी आतून ओरडली. "एकदा वाजवलंस तरी ऐकू येतं मला!"

इर्याचं हसू विरलं. वेइक्कोने तिच्या बोटाकडे पाहिलं. पट्टीपर्यंत येण्यात त्यातलं होतं नव्हतं ते संपलं होतं. ते उचलायला आता काही शिल्लक नव्हतं. ती त्याच्याकडे बघत होती, आणि या बघण्यावर त्याच्याकडे कुठलाच उपाय नव्हता.

त्याने दोन बोटांनी तिचं बोट अलगद उचललं आणि आपल्या मुठीत घेतलं. घंटा थांबली.

हेल्मी पिठाचे हात घेऊन दारात आली. "काय गं, काय हवंय?"

"काही नाही," वेइक्को म्हणाला. "तिला वाजवून बघायची होती. झालं तिचं बघून."