उसवलेल्या कानाचा ससा

मित्रांनो, मी एक जुना कापडी ससा आहे. एके काळी पांढरा होतो. आताच्या रंगाला काय म्हणावे ते तुम्हीच ठरवा. कारखान्यात माझ्या पोटात कापूस ठासला, मण्यांचे डोळे लावले आणि तोंडाच्या जागी एक आडवा टाका घातला. तो टाका काही उघडत नाही. माझ्या सगळ्या दुःखाचे मूळ तिथेच आहे.

पहिल्या घरी कुत्र्याने माझा डावा कान उसवला आणि घरच्यांनी मला टाकून द्यायला काढले. मुले जिला खेळताई म्हणतात, तिने मला मागून घेतले. तिच्या खोलीत मनातून दुखावलेली मुले येतात. ती त्यांना खोदून खोदून विचारत नाही. मुले खेळतात, ती शेजारी बसते. जे सांगता येत नाही ते मुले खेळून दाखवतात, असे ती आईवडिलांना समजावते. तिच्या फळीवर चाक निखळलेली गाडी आणि हात तुटलेली बाहुलीसुद्धा मुद्दाम ठेवलेली आहे. दुखावलेल्या मुलाला असा सोबती जवळचा वाटतो म्हणे. माझ्या फाटक्या कानाचे कौतुक झाले ते तिथेच.

त्या खोलीत एक मुलगी येऊ लागली. घरचे तिला चिमणी म्हणत, पण तिची चिवचिव बंद पडली होती. तिचा तान्हा भाऊ तापाने गेला होता. आल्या आल्या ती मला बदडून काढी, मग पट्ट्या बांधी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच! निघताना मात्र उसवलेल्या कानाशी तोंड नेऊन ती कुजबुजे, "मी त्याला चिमटा काढला. म्हणून तो गेला."

दर खेपेला तेच. मी जिवाचे कान करून ऐके. नाही ग बाळे, तापाने गेला तो, असे ओरडून सांगावेसे वाटे. पण मला तोंड कुठे होते?

तिचे बाबा शिंपी होते. बाहेरच्या बाकावर बसून ते काचेतून पाहत. लोकांचे फाटके सांधण्यात त्यांची हयात गेली होती आणि घरचे कुठे फाटले आहे ते त्यांना सापडत नव्हते. एकदा खेळताई रजेवर असताना ते मदतनीस बाईंना विचारून मला दुकानात घेऊन गेले. माझा कान त्यांनी इतक्या बारीक टाक्यांनी शिवला की शिवण शोधून सापडू नये. लेकीला आनंद होईल, एवढीच त्यांची आशा होती.

पुढच्या खेपेला चिमणीने मला फळीवरून उचलले. कान चाचपला, उलटा केला, पुन्हा चाचपला. मग मला खाली ठेवून ती भिंतीकडे तोंड करून बसली. त्यानंतरच्या खेपांना तिने मला हातही लावला नाही.

"मी चांगलं करायला गेलो हो," बाबा खेळताईला म्हणाले. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. चिमणीच्या पोटातली गोष्ट आता पोटातच राहणार, असे वाटून मीही खचलो.

मग एके दिवशी ती मला घेऊन खोलीबाहेर आली आणि मला बाबांच्या मांडीवर ठेवले.

"बाबा, हे उसव."

बाबांनी खिशातली छोटी कातरी काढली आणि एकेक टाका तोडला. कान उघडताच तिने तिथे तोंड नेले. मी बाबांच्याच हातात होतो. तिचे वाक्य त्यांनीही ऐकले.

त्यांनी कातरी बाकावर ठेवली. मग ते म्हणाले, "चिमट्यानं कोणी जात नाही, राणी. त्याला ताप होता. आम्हालाही नाही वाचवता आलं."

"मग तू रडला का नाहीस?"

तेव्हा बाबा रडले. दोघांच्या मध्ये मी दाबला गेलो आणि माझा कापूस ओला झाला.

मित्रांनो, आता चिमणी येत नाही. दुसरी मुले येतात, माझ्या कानात सांगून जातात. कोणाचे काही उसवलेले दिसले, तर लगेच सुईदोरा काढू नका. आधी शेजारी बसा, ऐका. मी सगळे ऐकतो, पण मला उत्तर देता येत नाही. तुम्हाला येते. तेवढे माझ्या वतीने द्या.