सायराबाईंची बोटं

"बाई, बोटं बदला. मशीन बदलत नसते," असं सांगून अकोल्याच्या कंपनीचा इंद्रभान कॉम्प्युटर बसवून गेला, त्याला चार दिवस झाले होते. जाताना पडद्याच्या वर त्यानं चिठ्ठी चिकटवली होती : 'विचारल्याशिवाय हात लावू नये.'

सायराबाईंनी खामगावच्या तहसीलीसमोर बावीस वर्षं अर्ज टाईप केले होते आणि आता त्या साप्ताहिकात कामाला होत्या. एकोणीसशे नव्वद साल. या नव्या की-बोर्डवर अक्षरं भलत्याच जागी होती. बोट सवयीनं 'क'वर जाई आणि पडद्यावर दुसरंच काही उमटे. दिवसभरात दोन पानंसुद्धा होईनात.

"सोमवारी अंक निघाला नाही तर मले दुसरं माणूस पाहा लागंल," संपादक निवृत्तीराव खाली बघत म्हणाले.

शनिवारी दुपारी ते जेवायला गेले आणि सायराबाईंनी सोबत आलेलं पुस्तक उघडलं. कोणत्या कळीला कोणतं अक्षर, याची यादी एका साध्या फाईलीत आहे असं त्यात लिहिलं होतं. फाईल साधी, म्हणजे खोडता येते. त्यांनी आधी तिची नक्कल फ्लॉपीवर घेतली. मग डोळे मिटून टेबलावरच बोटं चालवली आणि जुन्या टाईपरायटरवरची एकेक जागा कागदावर उतरवली. कळीचा आकडा, अक्षराचा आकडा, अशी नवी यादी तासाभरात तयार झाली.

प्रोग्राम सुरू केला. इंग्रजीत उत्तर आलं : तिसरी ओळ चूक.

ओळ तर बरोबर होती. त्यांनी ती खोडून पुन्हा लिहिली. चूक. तिसऱ्यांदा लिहिली. चूक.

"काऊन बे, काय दुखते तुले?" त्या पडद्यावर खेकसल्या.

मग हात न लावलेली एक ओळ त्यांनी शेजारी आणून पाहिली. तिथल्या इंग्रजी एकाच्या आकड्याला वर चोच होती. त्यांच्या एकाला नव्हती. सायराबाईंनी कपाळावर हात मारला. त्या ज्या इंग्रजी मशीनवर शिकल्या, तिला एकाची कळच नव्हती. सगळे टायपिस्ट एकाच्या जागी छोटा एल मारून काम भागवत. बावीस वर्षांत कुणाला फरक कळला नव्हता. या मशीनला कळला. सतरा ठिकाणी एल काढून खरा एक घातला, आणि पडद्यावर त्यांचा 'क' त्यांच्या बोटाखाली आला.

सोमवारी इंद्रभान आला, खुर्चीत बसला आणि त्यानं दोन ओळी मारल्या. नुसता कचरा उमटला.

"हे कोणं बिघडवलं?"

"बिघडवलं नाई. माह्या हाताले बसवलं."

"कंपनीचं असं चालत नाही, बाई!"

"पिंपळगाव राजाच्या बाजाराची बातमी कंपनी लिहून देते काय? उठा."

इंद्रभान उठला. सायराबाई बसल्या आणि त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहत, की-बोर्डाकडे एकदाही न बघता, अख्खी बातमी मारली. प्रिंटर करकरला. निवृत्तीरावांनी पान फाडून घेतलं, उभ्यानंच वाचलं.

"इंद्रभानजी," ते म्हणाले, "चहा घ्या. तुमची अकोल्याची गाडी दोनले आहे."

सायराबाईंनी फ्लॉपी त्याच्या हातात दिली. "तुमचं जुनं याच्यात आहे. अकोल्यात कोणाले लागलं तं द्या."

ती चिठ्ठी मात्र त्यांनी काढली नाही. फक्त तिच्याखाली स्वतःचं नाव टाईप करून चिकटवलं.