तीन नंबरची नळी

ब्लफ बंदराच्या धक्क्यावर कोकरांच्या मांसाचे वॅगन सकाळपासून उभे होते. तपासनीसाने सही केली की माल ‘पुकेरोआ’ जहाजाच्या शीतकोठारांत चढणार, नाहीतर जहाज थेट भंगारात, अशी मालकांची तार होती. जहाज गेल्यावर त्यावरच्या एकसष्ट वर्षांच्या शीतयंत्र इंजिनिअरला, कथबर्ट इनेसला, दुसरीकडे कोण ठेवणार?

सत्तावीस वर्षं तो याच जहाजावर होता. शांततेत लोणी आणि कोकरं. युद्धात वर सैनिक आणि खाली तीच कोकरं. त्रेचाळीस साली टॉर्पेडोने तीन नंबरचं कोठार फाडलं. गोदीत पत्रा मिळाला, पण गारवा टिकावा म्हणून भिंतीत भरतात ते बुचाचं साल मिळालं नाही. कथबर्टने लाकडाचा भुसा ठासून घेतला, एका फेरीपुरता. भुसा ओला होऊन खाली बसला. वरच्या कोपऱ्यातला थर्मामीटर अठ्ठावीस फॅरनहाइटच्या पुढे सरकला. तिथून मांस मऊ पडू लागतं. तो आकडा पाहून जहाज कामावरून काढलं असतं, आणि लंडनला मांस हवं होतं. म्हणून थर्मामीटर सोडायची नळी त्याने कोठार गार ठेवणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या नळांशेजारी नेऊन बसवली. आकडा पंधरावर आला. युद्ध संपलं, नळी तिथेच राहिली. दर चार तासांनी तो पंधरा लिहीत राहिला.

“पंधरा. झकास!” डेकवर तरुण तपासनीस डॅफर्नने नळीतून वर काढलेला थर्मामीटर पुसला. “म्हातारी अजून गार आहे की, इनेससाहेब.”

“सही ठोका साहेब,” यंत्रांना तेल घालणारा मॅकार्डल म्हणाला, “चहा निवतोय. या जहाजावर तेवढीच एक गोष्ट गार झालेली चालत नाही.”

डॅफर्नने हसत पेन काढलं.

“थांबा,” कथबर्ट म्हणाला. “ती नळी खोटं बोलते.”

“म्हणजे?”

“मीच हलवलीय. कोपऱ्यात मोजा.”

“अहो बाबा, गप बसा ना!” मॅकार्डल पुटपुटला.

“गेल्या फेरीत लंडनला त्या कोपऱ्यातली चारशे कोकरं सडली म्हणून फेकली,” कथबर्ट डॅफर्नला म्हणाला. “मी ढिगाशेजारी उभा होतो. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावला होता. मी इतका सरावलो होतो, मला वासच येत नव्हता.”

डॅफर्नने खाली उतरून कोपऱ्यातल्या भिंतीला गिरमिट लावलं. पात्याला चिकटून काळा, ओला भुसा बाहेर आला. त्याने पेनाला टोपण लावलं.

दुपारी वॅगन पलीकडच्या जहाजाकडे ढकलले गेले.

“आठ वर्षं तोंड शिवलं होतंत,” खाली यंत्रघरात मॅकार्डल म्हणाला. “अजून एक फेरी जड होती का?”

“होती.”

कथबर्टने दोन्ही हातांनी खाऱ्या पाण्याची झडप आवळून बंद केली. वर जायला एकोणीस पायऱ्या होत्या. त्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तो खालच्या पायरीवरच बसला.