दिवस बुडायच्या आत

आमच्या जैनांच्यात दिवस बुडायच्या आत जेवायचं. ह्यात वाईट काय हाय? काईच न्हाई. पण आमच्या सासूबाई गुणमालाबाई, त्यांचं डोकं भलतंच चालायचं. पोर रात्रभर उपाशी राहणार म्हणून ऊन कललं की नातीला पुढ्यात बसवायच्या. तूप थापलेल्या चपात्या, शिरा, वर शेंगदाण्याचा लाडू. "खा, आता सकाळपतोर काय मिळायचं न्हाई." माझी ब्राह्मी अकरा वर्षांची, ऐन खेळायच्या वेळेला ताटावर. जिना चढली तरी धापा टाकायची. मी तोंड उघडलं की सासूबाईंचं ठरलेलं, "खात्यापित्या घरची पोर हाय. नजर लावू नगंस, आईचीच आधी लागती."

तिच्या मानेवर काळी पट्टी उठली तवा तर कहर झाला. मळ हाय म्हणून सासूबाई डाळीचं पीठ लावून घासायच्या, लिंबू चोळायच्या. पोरगी रडायची, मान सोलवटायची, काळं काय हलायचं न्हाई. माझं टाळकंच सरकलं. आजी-नातीला एसटीत घातलं आणि सांगलीला डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

त्यांनी मान बघितली, रक्त तपासलं. म्हणाल्या, "हा मळ नाही. वजनामुळं शरीरातली साखर बिघडत चालल्याची खूण आहे. लिव्हरवरही चरबी आहे. दिवाळीपर्यंत आवरलं नाही तर गोळ्या." एवढ्याशा पोरीला साखरेच्या गोळ्या. सासूबाईंनी नातीची सोलवटलेली मान पदरानं झाकली.

तवापासनं ब्राह्मी शाळंतनं आली की आधी पोरींसंगं खो-खो, मग जेवण. भाकरी, भाजी, ताक. लाडवाचा डबा सासूबाईंनीच शेजारी देऊन टाकला. नात रुसली की ह्या तिकडं तोंड करून डोळं पुसायच्या. लय जड गेलं दोघींना.

दिवाळीच्या तोंडावर परत गेलो. दवाखान्यात ही गर्दी, आमचा नंबर लागंतोवर अंधार पडला. डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून हसल्या. "साखर ठीक आहे. गोळ्या नकोत. असंच चालू ठेवा." मी तिथंच बाकड्यावर बसून रडले. लाज बी वाटली न्हाई.

परतताना एसटीत ब्राह्मी म्हणाली, "आज्जी, दिवस बुडाला. आता जेवण न्हाई."

मला वाटलं, ह्या आता कळवळणार. सासूबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. "दुपारी जेवलीयास न्हवं पोटभर? एका रात्रीनं काय होत न्हाई. झोप." मग माझ्याकडं वळल्या. "तू बी झोप गं चंदना. लय दिस झाले, डोळ्याला डोळा न्हाई तुझ्या."