नववी भट्टी

टेलरकाकूंच्या मशीनवर त्या दुपारी नेहमीचीच कामं होती. उशांचे दोन अभ्रे, कंबर सैल करायला आलेली एक पँट आणि पायाशी रेनकोटच्या कापडाचा गठ्ठा. हे कापड सुईखालून सरकता सरकत नाही, म्हणून त्या मधूनमधून त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरवत होत्या. ही युक्ती त्यांची स्वतःची होती आणि तिचा त्यांना अभिमानही होता.

शिवत होत्या तो एका लहान मुलीच्या मापाचा सूट होता. मनगटाला, घोट्याला आणि गळ्याला घट्ट इलॅस्टिक, आत वारा शिरायला जागा नाही. ज्युदोच्या क्लासमधली मुलं त्याला भट्टी म्हणायची. काकूंनी क्लाससाठी अशा आठ भट्ट्या फुकट शिवून दिल्या होत्या. ही नववी, किराणावाल्याच्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी.

भट्टी कशासाठी, हे गल्लीत कुणालाच विचारावं लागत नसे. ज्युदोची कुस्ती वजनाच्या गटाप्रमाणे होते आणि क्लासच्या सरांचा नियम होता, एक गट खाली. म्हणजे अडतीस किलोच्या मुलीने छत्तिसात उतरायचं, की समोरची तिच्यापुढे टिकत नाही. स्पर्धांचे दिवस आले की मुलांचं रात्रीचं जेवण बंद व्हायचं, शेवटी शेवटी पाणीही. मग भट्टी घालून, खिडक्या लावून, मॅटभोवती धावायचं. एरवी पोराने एक घास कमी खाल्ला तर जीव टाकणारी माणसं या दिवसांत त्याच्या पुढ्यातलं ताट उचलून घ्यायची, आणि उचलताना त्यांना अभिमान वाटायचा. मला राग येतो तो याचाच.

सर काही वाईट माणूस नव्हते. गल्लीतल्या म्हाताऱ्यांसाठी दर रविवारी सकाळी ते पडायचा वर्ग घ्यायचे. पाय घसरला तर हनुवटी छातीला लावायची, अंग गोल करायचं आणि हात जमिनीवर फाडकन आपटायचा, म्हणजे हाड मोडत नाही. हे करून दाखवायला ते काकूंच्या मुलीला उभी करायचे. बारा वर्षांची ही पोरगी गर्रकन फिरून समोरच्याला पाठीवरून टाकायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. ती पडली की फाड असा आवाज हॉलभर घुमायचा आणि निवृत्त पोस्टमन टाळ्या वाजवायचे. गेल्या थंडीत जिन्यावरून घसरूनही आपण धड राहिलो ते या पोरीमुळे, असं ते भेटेल त्याला सांगत.

भिंगरीचं वजन किराणावाल्याच्या काट्यावर रोज सकाळी व्हायचं. साखरेची पोती बाजूला सरकवून तिला उभी करायचे. मग तिचे बाबा आपल्या सलूनमध्ये गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता आकडा सांगायचे. सोमवारी साडेसदतीस. बुधवारी सदतीसला थोडं कमी. गिऱ्हाइकं आरशातूनच शाबासकी द्यायची. घरी भिंगरी वाटीभर सूप पिऊन वाटीचा तळ बोटाने पुसून घ्यायची. काकू ते बघायच्या आणि तोंड फिरवून भांडी घासायला घ्यायच्या. एकदा त्यांनी नवऱ्याजवळ विषय काढला. चारच दिवस राहिलेत, आता कच खाऊ नकोस, असं नवऱ्याने समजावलं आणि काकूंनी खरोखरच समजून घेतलं.

शनिवारी सकाळी वजनं होती. शुक्रवारी संध्याकाळी भिंगरीचे सहाशे ग्रॅम जास्त होते.

क्लासच्या खिडक्या बंद होत्या. किराणावाल्याची मुलगी नवी भट्टी मिरवत पुढे धावत होती, मागे भिंगरी. कोपऱ्यात बसून काकू मुलांच्या जॅकेटवर क्लासचे बिल्ले शिवत होत्या. त्यांची नजर सुईवर होती. काहीतरी पडल्याचा आवाज झाला, पण तो त्यांच्या ओळखीचा नव्हता. धान्याची गोणी टाकावी तसा मंद आवाज. हात आपटल्याचा फाड आवाज त्यात नव्हताच.

अख्ख्या गल्लीला पडायला शिकवणारी त्यांची मुलगी तोंडावर पडली होती, आणि तिचे हात अंगाखाली तसेच अडकले होते.

काकू धावल्या. अंग आगीसारखं तापलं होतं, पण कपाळावर घामाचा थेंब नव्हता. गळ्याचं इलॅस्टिक ओढून निघेना. ते निघू नये म्हणून काकूंनीच त्याला दुहेरी टीप मारली होती. हातातली कात्री त्यांनी गळ्यापाशी घातली आणि स्वतःची शिवण टराटरा कापत पायापर्यंत आल्या.

इस्पितळात नर्सने सांगितलं की रक्ताचा कागद घेऊन मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे जा. बाबांना काही सुचत नव्हतं. सर पुढे झाले. कुणालाही न विचारता जिना चढले, दुसऱ्या बोळात डावीकडे वळले आणि शेवटचं दार ढकललं. काकू मागोमाग होत्या.

डॉक्टरांनी बरंच काही सांगितलं. जीव वाचला होता. मूत्रपिंडाला इजा झाली होती, किती ते काही महिन्यांनी कळणार होतं. वर्षभर तरी खेळ बंद, पुढचं पुढे बघू.

बाहेर आल्यावर काकूंनी विचारलं, "सर, हे दार तुम्हाला कसं माहीत?"

सर बाकावर बसले. "माझं इथेच चालू असतं, ताई. सहा वर्षं झाली."

"कशामुळे?"

सरांनी आपल्या मनगटावर, भट्टीचं इलॅस्टिक बसतं तिथे, बोट फिरवलं.

"आणि तरी आमच्या पोरांना?"

"मलाही असंच शिकवलं होतं," सर म्हणाले. खोटं नव्हतं ते. पण त्यांना काकूंकडे बघवलं नाही.

भिंगरीने रात्र सरल्यावर डोळे उघडले. सुई टोचलेला हात तिने जरासा उचलला आणि विचारलं, "आई, किती भरलं?" काकूंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांना हुंदका आवरेना. स्वतःच्या पोटच्या पोरीला आपण काट्यावरचा आकडा करून टाकलं, ही लाज त्यांना मरेपर्यंत पुरणार होती.

पंधरा दिवसांनी क्लासचा समारंभ झाला. पाच पदकं आली होती. दुकानदार, पालक, रविवारचे म्हातारे, सगळे जमले. मुलांसाठी स्वतः राबल्याबद्दल टेलरकाकूंचे आभार, असं कार्यक्रमाच्या कागदावर आधीच छापलेलं होतं. ते खोडायचं कुणाला सुचलं नाही.

नाव पुकारल्यावर काकू पुढे गेल्या. पिशवीतून त्यांनी उभी कापलेली भट्टी काढली आणि टेबलावर पसरली.

"ही मी शिवली," त्या म्हणाल्या. "कापड मी निवडलं, शिलाई मी मारली. माझ्याच मुलीच्या अंगावरून मला ती कापून काढावी लागली. तुमच्याकडे अशा आठ आहेत. मला परत द्या. फुकट दिल्या होत्या, फुकटच परत मागतेय."

किराणावाला म्हणाला की काकू, एका मुलीचं झालं म्हणून सगळ्यांचंच थोडं होतं. दोघातिघांनी मान हलवली. भिंगरीचे बाबा उठून बायकोच्या शेजारी जाऊन उभे राहिले. पोस्टमन काठी टेकत उठले. सरांना ते एवढंच म्हणाले की मला पडायला ज्या पोरीने शिकवलं ती बरी होईपर्यंत मी रविवारी येणार नाही.

सर आत गेले आणि दोन भट्ट्या घेऊन आले. क्लासच्या कपाटात त्या जादा म्हणून ठेवलेल्या होत्या. एक गट खाली हा नियम आजपासून बंद, असं ते बोलले. आवाज मोठा नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत गेला.

त्या आठवड्यात आणखी पाच भट्ट्या परत आल्या. कुणी घडी घालून आणली, कुणी दाराच्या कडीला अडकवून न बोलता निघून गेलं. काकूंनी प्रत्येकीची शिवण उसवली. नववी मात्र आली नाही. हरवली म्हणे, असं किराणावाल्याने दोनदा सांगितलं. दुसऱ्या गावच्या एका क्लासमध्ये मुलीचं नाव घातलंय, हेही कुणीतरी सांगून गेलं.

आता भिंगरी दुपारी आईशेजारी बसून काजं करते. लवकर दमते. परवा मशीन चालू असताना खालच्या गल्लीतून आवाज आला, प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासत जाण्याचा, सळसळ, सळसळ, आणि त्याच्यासोबत धावणाऱ्या छोट्या पावलांचा. दोघींनीही तो ओळखला. भिंगरीने आईकडे पाहिलं.

काकूंनी मशीनचं चाक हाताने थांबवलं, कात्री उचलली आणि चपला न घालताच जिना उतरायला लागल्या.