दिवाळीनंतर सांगू

"आकडे दिवाळीनंतरच जाहीर करू," थोरले साहेब म्हणाले आणि कुशाबाने वाढलेल्या रश्श्यात भाकरी कुस्करू लागले. "यंदा डिव्हिडंड नाही म्हटलं की शेअरचा भाव कोसळणार. लोकांची दिवाळी आत्ताच कशाला नासवायची?"

बाकीच्या दोघा संचालकांनी माना डोलावल्या. कासार आंबोलीच्या बंगल्यावर गिरणीचे मोठे निर्णय असेच जेवताना व्हायचे. स्वयंपाक, राखण आणि मोटार आली की फाटक उघडणं, सगळं कुशाबाकडे होतं. शेअरमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण साहेबांचं बोलणं मनापासून पटलं. त्याचा बाप गेला तेव्हा निरोप घेऊन गेलेल्या माणसाने त्याच्या बहिणीला, सखूला, आधी पोटभर जेवू दिलं आणि मग सांगितलं. भरल्या ताटावरून माणूस उठवू नये, हे गावात कुणाला शिकवावं लागत नाही. एवढे मोठे साहेब, पण रीत सोडली नाही! कुशाबाला अगदी भरून आलं. त्याने त्यांना आणखी एक भाकरी आग्रहाने वाढली.

दुसऱ्या दिवशी पौडला एसटीच्या थांब्यावर जयसिंग मास्तर भेटले. कुशाबाच्या पोरांना त्यांनीच मारून मुटकून लिहायला-वाचायला शिकवलं होतं. मास्तरांचा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला. आता भूगावला एवढीशी जागा घेऊन त्यांनी चार कोपऱ्यांना दगड रोवले होते, आणि निवृत्तीचा फंड हातात आल्यापासून घराशिवाय दुसरं काही बोलत नसत.

"पुण्याला निघालोय," मास्तर म्हणाले. "तुझ्या साहेबांच्या गिरणीचे शेअर घेतो. दिवाळीला डिव्हिडंड जाहीर झाला की भाव चढेल, मग विकून टाकीन. छपराचा खर्च त्यातून निघेल. काय रे, ठीक चाललंय ना गिरणीचं? तू तर आतला माणूस."

कुशाबाने मास्तरांच्या पायाशी ठेवलेली पिशवी उचलून हातात घेतली.

"दिवाळी झाल्याव घ्या की, मास्तर."

"दिवाळीनंतर महाग मिळतील, वेड्या!"

आणखी एक वाक्य पुरलं असतं. पण खाल्ल्या मिठाला जागायचं होतं, आणि साहेबांनी चांगल्या मनाने झाकलेलं आपण कशाला उघडं करावं, असंही वाटलं. तेवढ्यात एसटी आली. गर्दीत मास्तर कसेबसे चढले. कुशाबाने त्यांची पिशवी वर दिली.

दिवाळी झाली, आकडे छापून आले आणि शेअरचा भाव निम्म्याच्याही खाली गेला. त्या रविवारी साहेबांचा ड्रायव्हर भैरू ओट्यावर विडी ओढत बसला होता.

"आपल्या सायबांचं काय जातंय?" तो म्हणाला. "त्यांनी समदे शेअर दिवाळीच्या आधीच इकून टाकले. मीच नेत व्हतो की दलालाकडं."

"कुनी घेतले?"

"घेतले आसतील कुनीतरी. घेनाऱ्याचं त्वांड कोन बघतंय?"

कुशाबाला ती पिशवी आठवली. सखूला जेवू द्यायचं म्हणून गावाने बातमी झाकली होती. इथे झाकणारेच जेवून उठले होते, आणि वाढायला आपण होतो. त्याला स्वतःची किळस आली.

संध्याकाळी तो मास्तरांच्या खोलीवर गेला. मास्तर नुकतेच पानावर बसले होते. तुळजावहिनींनी न विचारता त्याचंही ताट मांडलं आणि त्या भाकरी थापायला आत गेल्या. कुशाबाने ताटाला हात लावला नाही.

"मास्तर, मला म्हाईत व्हतं. तुमी इचारलं, तवा मला म्हाईत व्हतं."

मास्तरांनी आतल्या दाराकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"हळू बोल," ते म्हणाले. "हिला अजून सांगितलं नाही. रोज म्हणतो, जेवण होऊ दे, मग सांगू."

वहिनी तव्यावरची भाकरी घेऊन बाहेर आल्या आणि ती कुशाबाच्या ताटात टाकली.

"बरं झालं आलात, भावजी. आता तुमीच सांगा ह्यास्नी. दिवाळी सरली, आता जोत्याचं काम धरा म्हनावं. त्या दगडांभवती गवत वाढलंय."

मास्तर पानातली भाकरी कुस्करू लागले.

"सांगा की," वहिनी म्हणाल्या.

"धरतील, वैनी," कुशाबा म्हणाला, आणि भाकरीचा तुकडा मोडून जेवू लागला.